समजा

एतेरीबाईंनी फळ्यावर पहिलाच शब्द लिहिला: समजा.
मला वाटलं, हुकूम आहे.
बातुमीतला संध्याकाळचा वर्ग, आम्ही अकरा जण,
हीटर एकच, तोही खोकणारा,
आणि समजत तर काहीच नव्हतं.

समजा, मेजवानीला सात माणसं बसली.
समजा, प्रत्येकाने नेमक्या तिघांच्या पेल्याला पेला भिडवला.
आता हे खोटं आहे, ते दाखवा.

खोटं आहे तर समजायचं कशाला?
मागून गोदेर्दझी बोलला. तो दिवसा बंदरात क्रेन चालवतो,
तोलल्याशिवाय काही उचलत नाही.
आणि तिसऱ्या पेल्यानंतर, म्हणाला, मोजतं कोण?

बाई हसल्या नाहीत.
सात त्रिक एकवीस, त्यांनी लिहिलं.
पण पेला एकटा वाजत नाही,
दर किणकिणाटामागे हात दोन.
म्हणजे प्रत्येक आवाज आपण दोनदा मोजला.
करा एकवीसचे अर्धे.

साडेदहा.
साडेदहा वेळा पेले भिडले.
तो शेवटचा अर्धा आवाज
वर्गात कुणीच कधी ऐकलेला नव्हता.

खोट्याला दारातून हाकलू नका, बाई म्हणाल्या.
आत घ्या, बसायला खुर्ची द्या,
त्याचं म्हणणं अगदी शेवटपर्यंत खरं धरून चाला.

तेव्हा मला आई दिसली.
बावीस वर्षं सार्पीच्या नाक्यावर, जकातीच्या खिडकीत.
ती कधी आवाज चढवत नाही.
बॅगेत फक्त लेकीच्या लग्नाचे कपडे? बरं.
लग्न कधी? रविवारी. अरे वा.
हिवाळ्यात हॉल मिळाला? मिळाला.
आणि लेक केवढी आहे?
नऊ, म्हणतो माणूस, घाईत.
आई पेन खाली ठेवते.
बॅग उघडावीच लागत नाही.

त्या आठवड्यात मी दिसेल ते उलटं धरून पाहिलं.
समजा, सर्वांत मोठी संख्या सापडली.
तिच्यात एक मिळवला. गेली बिचारी.
समजा, बेकरीच्या पगारात महिना निघतो.
वीस तारखेला विसंगती.
एकदा तर दोन बरोबर तीन आले,
मी रात्री दीड वाजता खुर्चीवरून उठून नाचले.
बाईंनी लाल शाईने लिहिलं:
गृहीतकात काही चूक नाही. वजाबाकी तपास.

हे मात्र त्यांनी फळ्यावर सांगितलं नव्हतं,
की विसंगती फक्त कुठेतरी खोट आहे एवढंच कळवते.
कुठे, ते आपण शोधायचं.
वहीत गृहीतक एक असतं.
घरात किती असतात, मी मोजायला बसले आणि सोडून दिलं.

वडील चार हंगामांपूर्वी चहाच्या तोडणीला रिझेला गेले,
आईच्याच रांगेतून.
मागे माणसं खोळंबली होती.
बॅगेत काय, किती दिवस, परत कधी:
दिवसाला शेकड्यांना विचारायचे प्रश्न
तिने त्या एका माणसाला विचारले नाहीत.
गृहीत धरलं होतं.
या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे मला
गणिताच्या वर्गात कळलं.

काल रात्री ती कणीक मळता मळता माझ्या वहीवर वाकली.
पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.
हे शेवटी खोटं निघालं ना?
हो.
मग ही ओळ खोडायची.
नाही, म्हटलं. ती राहते.
ती काढली तर खालचं काहीच उभं राहत नाही.
तळाला फक्त लिहायचं: म्हणून, नाही.

ती बराच वेळ बोट न हलवता उभी होती,
जणू रांगेतलं कुणी उत्तर द्यायचं बाकी आहे.
मग कणकेकडे वळली.

'समजा'वर पिठाचा पांढरा ठसा राहिला.
मी पुसला नाही.
एतेरीबाईंनी विचारलं तर सांगेन,
खडू आहे.